तीन बदाम

आमच्या फुलसावंगीच्या घरात पत्त्यांचा कॅट वर्षातून दोनदाच बाहेर निघायचा. एकदा दिवाळीत आणि एकदा पोळ्याच्या करीला. एरवी तो देवळीत फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे आणि आबांशिवाय कुणी त्याला हात लावत नसे. करीच्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडायची, गल्लीतले तिघे येऊन बसायचे आणि मेंढीकोटाचे डाव दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आबांच्या पाठीमागे बसून त्यांची पानं पाहायची मला मुभा होती. अट एकच, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.

ज्याची पहिली उतारी, तो माणूस मला तेव्हा फार भाग्यवान वाटायचा. एक्का हातात आहे, सुरुवातीचा मान आपला आहे, मग टाकावा की सरळ. आबा मात्र पहिली उतारी आली की बारकी पानं चाचपत बसत. एकदा न राहवून मी त्यांच्या कानाशी लागलो, "आबा, एक्का काहून नाही टाकत?" त्यांनी मान न वळवता विचारलं, "बाकीच्याईजवळ काय हाय, तुले ठावं हाय का?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी तिर्री टाकली.

तो डाव कोण जिंकलं ते आठवत नाही. आबांचा प्रश्नही मी पुढे वीस वर्षं विसरून गेलो. तो मला ज्यांनी परत मिळवून दिला, त्यांचं ऋण सांगावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

फुलसावंगी हे महागाव तालुक्यातलं गाव, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला. काळी जमीन, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. पोळ्याच्या दिवसांत आमच्या भागात पत्त्यांवर पैसे लावायची जुनी खोड आहे. कुणाच्या तरी गोठ्यात, नाल्याच्या काठी तीन पत्तीचे फड बसतात, पोलिसांच्या धाडी पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 1887 च्या जुगारबंदी कायद्याखाली किती जणांना धरलं याची चौकट येते. बाबा त्या बाजूला कधी फिरकले नाहीत. मीही शाळेत, नंतर पुसदला अकरावी-बारावीला असेपर्यंत पैसे लावून एकही डाव खेळलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. खिशात पैसेच नसत.

ते आले पुण्यात नोकरी लागल्यावर. चौघे मित्र कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहत होतो. शनिवारी रात्री जेवणं झाली की पोकरचा डाव मांडला जाई. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात आणि बोली होते. मग मधोमध तीन पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची सामाईक. त्याला फ्लॉप म्हणतात. पुन्हा बोली. मग चौथं पान, बोली, पाचवं पान, शेवटची बोली. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं भारी तो डाव घेतो. पाचही पानं एका रंगाची जमली की तो फ्लश, पुष्कळ भारी. बोली वाटणाऱ्याच्या डाव्या हातापासून फिरते, त्यामुळे काहींना दर फेरीत आधी बोलावं लागतं आणि काहींना सगळ्यांचं ऐकून मग बोलायला मिळतं. आधी बोलण्याच्या जागांना खेळणारे अर्ली पोझिशन म्हणतात.

मला हे शब्द पाठ होते, त्यांचा अर्थ कळत नव्हता. तीन पत्ती लांबून पाहिलेल्या पोराला वाटतं तसंच मला वाटे, की भारी पान आणि छाती असली की झालं. लवकर बोलायला मिळालं तर मी खूश असे. शनिवारचे डाव दहा-वीस रुपयांचे होते तोवर त्यातून फार बिघडलं नाही. पुढे मी मोबाइलवर पैसे लावून खेळू लागलो. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज रात्री, मग ऑफिसच्या बसमध्ये. सहा-सात महिन्यांत माझे दीड लाखाच्या वर गेले आणि घरी कुणाला त्याची कुणकुण नव्हती.

2016 च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं घरी हात आखडला होता, म्हणून बियाण्या-खतासाठी चाळीस हजार मी पाठवतो असं बाबांना सांगून ठेवलं होतं. ते चाळीस हजार माझ्या खात्यात होते. त्या रात्री त्यांतले अडतीस हजार मी टेबलावर नेले. गेलेलं थोडं परत मिळवू आणि मग सगळं घरी पाठवू, असा हिशेब होता.

पहिली जागा माझी. हातात इस्पिक एक्का आणि किलवर एक्का. दोन पानांत याच्या वर काही नसतं. मी बोली वाढवली, ब्लाइंडवाल्यांनी, म्हणजे पानं पाहण्याआधीच सक्तीची बोली लावावी लागणाऱ्या दोघांनी, पानं टाकली, मागचे तिघे आत आले. मधली तीन पानं उघडली: बदाम राणी, बदाम अठ्ठी, बदाम चौका. ती तीन लाल पानं मी पाहिली, हे मला पक्कं आठवतं. पण माझ्या डोळ्यांसमोर माझे दोन काळे एक्केच होते. मी मध्ये जमलेल्या पैशाएवढी बोली लावली. दोघांनी पानं टाकली. तिसऱ्यानं ती दुप्पट-तिप्पट केली. तेव्हा तरी थांबायचं होतं. मी होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं. त्यानं पानं उघडली, बदाम दश्शी आणि बदाम नव्वी. पाच बदाम त्याचे केव्हाच जमले होते. पुढची दोन पानं पडली आणि खात्यावर दोन हजार उरले.

खोलीत मित्र झोपले होते. मला आत बसवेना म्हणून खाली येऊन सोसायटीच्या बाकावर बसलो. दोन वाजून गेले असतील. तळमजल्यावरचे काका अंगणात फेऱ्या मारत होते. ते संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. संध्याकाळी त्याच बाकावर बसून वर्तमानपत्रातलं ब्रिजचं कोडं सोडवताना मी त्यांना पाहिलं होतं, तेवढीच ओळख. त्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी कसंबसं म्हणालो, "पत्त्यांत हरलो."

किती हरलास, असं त्यांनी विचारलं नाही. खेळ कुठला ते विचारलं, मी सांगितलं.

"बोलायला तू कितवा होतास?"

"पहिला."

"मध्ये काय होतं?"

"तीन बदाम."

"तुझ्याकडे बदाम?"

"एकही नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळी ये माझ्याकडे. पत्ते आहेत माझ्याकडे. पैसे आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला तेव्हा मी सरळ खोटं बोललो. पगार लांबलाय म्हणालो. "राहू दे, पाहतो मी," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पाहतो म्हणजे कुठे पाहणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी मी काकांच्या दारात उभा राहिलो तो या ओझ्याखाली.

काकांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली होती. मध्ये पितळेचं वाडगं, त्यात चिंचोके. "हे तुझे पैसे," ते म्हणाले. पण त्या दिवशी आम्ही खेळलो नाही. त्यांनी माझ्या हातात दोन काळे एक्के दिले, मध्ये तेच तीन बदाम मांडले आणि शाळेतल्या मुलाला विचारावं तसं विचारू लागले.

"बावन्नातली किती पानं तुला दिसतात?"

"पाच."

"न दिसणारी?"

"सत्तेचाळीस."

"त्यांत बदाम किती?"

तेरातले तीन मध्ये, माझ्याकडे शून्य. दहा. मी मोठ्यांदा दहा म्हणालो आणि तिथेच मला घाम फुटला. आदल्या रात्री एवढी साधी वजाबाकी मी केली नव्हती.

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. समोर एकच माणूस असेल तर त्याच्या दोन पानांत निदान एक बदाम असण्याची शक्यता शंभरात 38. दोन्ही बदाम असण्याची जेमतेम 4. इथवर पाहून मला धीर आला होता. काका म्हणाले, "पण तुझ्या मागे एक नव्हता, तिघं होते." तिघांपैकी कुणाकडे तरी बदाम असण्याची शक्यता शंभरात 78. पाच जण असते तर 93. ज्याच्याकडे एकच बदाम आहे त्याचाही फ्लश उरलेल्या दोन पानांत शंभरातून पस्तीस वेळा जमतो. तो जमला नाही तरी एखादा बदामाचा एक्का हातात धरून माणूस मला घाबरवू शकतो. "आणि हे सगळे तुझ्यानंतर बोलणार. तू बोललास की तुझं त्यांना कळलं. त्यांचं तुला काय कळलं?"

आबांचा प्रश्न मला तिथे आठवला. तोच होता, फक्त आता त्याच्यापुढे आकडे आले होते.

माझा विश्वास कागदावर बसणार नाही हे काकांनी ओळखलं असावं. त्यांनी दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, "एक्के आणि तीन बदाम बाजूला ठेव. उरलेली सत्तेचाळीस पिस, तिघांना दोन-दोन वाट, उघड, लिही. दोनशे वेळा." हे तीन एकरंगी पानांचं प्रकरण खऱ्या खेळात दर एकोणीस डावांत सरासरी एकदाच येतं. त्यातही आपण पहिल्या जागेवर असून हातात एक्के असावेत हे आणखी दुर्मीळ. अनुभवानं शिकायचं म्हटलं तर जन्म जाईल, म्हणून पानं मुद्दाम मांडून शिकायची, असं त्यांचं म्हणणं. पिसण्यातही हयगय चालत नसे. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं होतं की कॅटाचे दोन भाग करून पानं एकमेकांत मिसळली तर नीट पिसायला साधारण सात वेळा तरी लागतात. काका सात मोजत. सहाव्याला मी थांबलो तर नुसतं बोट वर करत.

रोज ऑफिसहून आल्यावर वीसेक डाव. अकरा-बारा दिवसांत वही भरली. दोनशेपैकी 159 वेळा तिघांतल्या कुणाकडे तरी बदाम निघाला. सुरुवातीला मी नुसत्या बरोबरच्या खुणा करत होतो. पन्नास-साठ डावांनंतर खुणा करताना हात जड होऊ लागला. त्या रात्री माझं नशीब फिरलं, असं मी तोवर स्वतःला समजावत होतो. वहीतल्या रांगांनी ती समजूत काढून घेतली.

त्यानंतर चिंचोक्यांवर खरे डाव सुरू झाले. काकू असायच्या, कधी शेजारचे एक गृहस्थ. काकांची शिकवण फ्लॉपच्या आधीपासून सुरू होई. पहिल्या जागेवर बसलं की शंभरातले दहा-पंधरा हात ठेवायचे, बाकीचे तसेच परत द्यायचे. पुढे अडचण येणार हे ठरलेलं, तर अडचणीत नेणारी पानं घेऊनच जायचं कशाला. तीन पानं एका रंगाची पडली आणि आपल्या हातात त्या रंगाचं काही नाही, तर दोन एक्के असले तरी टेबलावर बोटं टेकून चेक म्हणायचं. मला चेक म्हणताना लाज वाटे, माघार घेतल्यासारखी. काका म्हणत, "तू डावातच आहेस. फक्त बाकीच्यांना आधी बोलू दे." बोलायचंच झालं तर बोली लहान, मधल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. कारण तीन बदाम पाहून ज्याच्याकडे काही नाही तो लहान बोलीलाही पानं टाकतो आणि ज्याच्याकडे आहे तो मोठ्या बोलीलाही हटत नाही. मोठी बोली लावून आपण फक्त आपल्यापेक्षा भारी पानवाल्याला टेबलावर ठेवतो.

एकदा त्यांनी माझ्या हातातला किलवर एक्का काढून बदाम एक्का ठेवला आणि विचारलं, आता काय बदललं? मला वेळ लागला. एक्का माझ्याकडे आहे म्हणजे सगळ्यात भारी फ्लश दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. शिवाय चौथा बदाम पडला तर तो माझ्या कामाचा, आणि पुढच्या दोन पानांत तो पडण्याची शक्यता शंभरात पस्तीस. हात तेवढाच, दोन एक्के. एका पानाच्या रंगानं सगळा डाव वेगळा झाला. माझ्याकडे काय आहे यापेक्षा माझ्या पानामुळे दुसऱ्याकडे काय असू शकत नाही, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता. अजूनही तो मला आपसूक सुचत नाही, थांबून करावा लागतो.

काकांच्या कपाटात डेव्हिड स्क्लान्स्कीचं 1987 चं 'द थिअरी ऑफ पोकर' होतं, आणि त्याच्या शेजारी फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांचा 1944 चा ग्रंथ, ज्यात गणित म्हणून पोकरचा विचार केला आहे. ती पुस्तकं त्यांनी मला वाचायला दिली, पण मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात जवळची गोष्ट त्या पुस्तकांतली नव्हती. एका संध्याकाळी मी फार खचलेलो होतो. ते म्हणाले, "तू विदर्भातला ना? मग नळाची गोष्ट तुझ्याच मुलखातली."

नळ द्यूतात राज्य हरला, दमयंतीला अरण्यात सोडून गेला, हे मला माहीत होतं. पुढचं मी कधी लक्षपूर्वक वाचलंच नव्हतं. बाहुक नावानं सारथी झालेला नळ ऋतुपर्ण राजाचा रथ अयोध्येहून विदर्भाकडे, कुंडिनपूरला हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण धावत्या रथातून पाहून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, फाशांचं मर्म. बदल्यात नळ त्याला अश्वविद्या देऊ करतो. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. काका म्हणाले, "त्यानं रथ थांबवला हे बघ. राजाला पोचायची घाई होती, तरी थांबवला आणि मोजलं." बेहड्याची झाडं मी लहानपणी पैनगंगेकडच्या रानात पुष्कळ पाहिली होती. त्यांच्याकडे मोजायच्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सुधारलो. ते खरं नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री मी पुन्हा मोबाइल उघडला आणि सात हजार घालवले. पहिली जागा, तीन किलवर मध्ये, माझ्याकडे राजाची जोडी, किलवर एकही नाही. शक्यता मला पाठ होती. अंगठा तरी थांबला नाही. दोन दिवस मी काकांकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. ते रागावतील, निदान निराश होतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडायला लावली. "दोनशे एकावा डाव लिही," म्हणाले. मी लिहिला. मग त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच पत्त्यांबाहेरचं बोलले, "हे सगळं तू मला सांगतोस. ज्यांचे पैसे होते त्यांना सांगितलंस का?"

पोळ्याला मी घरी गेलो. नांदेडपर्यंत गाडी, तिथून एसटीनं हदगाव, उमरखेड. वाटभर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आली होती. बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली, आणि करीच्या दिवशी सकाळी बाबांबरोबर शेतात गेलो. धुऱ्यावर बसून सगळं सांगितलं. दीड लाख, अडतीस हजार, पगाराचं खोटं, सात हजार. बाबा मातीचं ढेकूळ हातानं फोडत ऐकत होते. मग म्हणाले, "दोन सालाआधी मी बी असंच केलं होतं."

2014 साली रोहिणीत एक चांगलं पाणी पडलं. आपली पऱ्हाटी सगळ्यांच्या आधी उगवली पाहिजे म्हणून बाबांनी त्या ओलीवर चार एकरांत सरकी टोबून टाकली. त्या वर्षी जून देशभर कोरडा गेला. "मंग वीस रोज थेंब नाही. समदी सरकी जमिनीतच भाजली." दुबार पेरणीला त्यांनी व्याजानं पैसे घेतले आणि घरात कुणाला सांगितलं नाही. "तुह्या मायले बी नाही सांगतलं. तू तिकडं नवीन नोकरीवर, तुले काय सांगू?" ते कर्ज 2016 मध्येही फिटलेलं नव्हतं. माझ्या चाळीस हजारांची वाट ते का पाहत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसलो. त्यांनी मला क्षमा केली असं काही बोलून दाखवलं नाही, मी मागितलीही नाही. घरी आल्यावर त्यांनी अंगणातल्या तुळशीजवळ ठेवलेला पत्र्याचा उभ्या भिंतीचा डबा दाखवला. कृषी खात्याचं सांगणं आहे की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. पण पाऊस एका शिवारात पडतो, दुसऱ्यात नाही. म्हणून 2015 पासून ते डब्यात साचलेलं पाणी रोज सकाळी माझ्या शाळेतल्या पट्टीनं मोजत आणि कॅलेंडरवर लिहीत. माझी ती लाकडी पट्टी डब्याशेजारी खुंटीला टांगलेली होती. फुलसावंगीत बाबा आणि कोथरूडला काका, दोघं एकमेकांना न ओळखता मला एकच गोष्ट शिकवत होते. यापुढे मला काही बोलता येईना.

रात्री मी बाबांना सत्तेचाळीस पानांचा हिशेब सांगून पाहिला. आबांचाच कॅट होता. दोन एक्के, तीन बदाम. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन मागचे तिघं बोलले नाही तोवर तू काहून बोलला?" एवढ्या कमी शब्दांत काकांनाही ते सांगता आलं नसतं.

पैसे फेडायला मला सव्वा वर्ष लागलं. आधी बाबांचं व्याजाचं कर्ज, मग माझं. या काळात मी पैसे लावून एकही डाव खेळलो नाही आणि पुढेही नाही. काकांकडचे चिंचोक्यांचे रविवार मात्र चालू राहिले. माझं लग्न झाल्यावर बायकोही येऊ लागली. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली.

एक गोष्ट मला टोचत राहते. काका रात्री दोन वाजता अंगणात का फिरत होते, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. काकूंचं मोठं आजारपण त्याच वर्षी सुरू झालं होतं, हे मला त्या गेल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. माझ्या दोनशे डावांच्या संध्याकाळी त्या घरात काय चाललं असेल, याचा मी विचार केला नव्हता. माझी पानं मला दिसत होती, समोरच्याची नाही. आता काकाही नाहीत. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर दोनशे एकाव्या डावाखाली त्यांच्या बारीक अक्षरात तारीख घातलेली आहे, दुसरं काही नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं बंदीचा कायदा केला, तेव्हा पुण्यातल्या काही ओळखीच्यांनी माझं मत विचारलं. हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, असं ते सांगत होते. रमीबाबत सर्वोच्च न्यायालयानं 1967 सालीच तसं म्हटलेलं आहे. कौशल्य आहे यात मला शंका नाही, ते शिकवताना एका माणसानं किती कष्ट घेतले हे मी पाहिलं आहे. पण आमच्या गावातली पोरं बांधावर बसून मोबाइलवर खेळतात तेव्हा त्यांच्यासमोर चिंचोके नसतात. त्यांच्या मागे किती जण बोलायचे आहेत हे त्यांना दिसत नाही, आणि त्यांना दोनशे डाव लिहायला लावणारं तिथे कुणी नसतं. मला कायद्यानं बरं वाटलं. गावी गेलो की करीच्या दुपारी आबांचा कॅट काढून मी दोन-तीन पोरांना घेऊन बसतो. पिसताना सात मोजतो.

बाबा आता सत्तरीत आहेत. डबा बदलला, पट्टी तीच. दरवर्षी मृग लागला की मी रोज सकाळी फोन करतो. गेल्या जूनमध्ये सलग तीन दिवस चांगला पाऊस झाला, शेजारच्या धुऱ्यापलीकडे टोबणी सुरू झाली होती.

"किती झाला, बाबा?"

"साठ."

"बाकीचे पेरून राहिले का?"

"बरेच जण."

"मग?"

पलीकडून पट्टी डब्यावर टेकवल्याचा आवाज आला.

"पाहतो आज रात्री. अजून दोन बोटं तरी व्हाव."